शेजारचा पाय

"शेजारी बसून गाडी कळत नाही. शेजारी बसून फक्त चालवणारा कळतो," आबा म्हणाले. "मी स्वतः चालवणार. आजच, ट्रॅकवर."

टेबलाभोवतीच्या चौघांचे घास जिथल्या तिथे राहिले.

बाहेरच्या कुणाला यात घाबरण्यासारखं काही दिसलं नसतं. ज्या माणसानं पन्नास वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, निम्म्या शहराला क्लच सोडायला शिकवलं, ज्याला ट्रॅफिक पोलीससुद्धा 'मास्तर' म्हणून हाक मारतात, त्यानं गाडी चालवायची नाही तर काय स्वेटर विणायचे? पण थोरल्या मुलाच्या हातातला चहा बशीत सांडला आणि सूनबाईंनी तो पुसायलाही हात पुढे केला नाही. त्यावरून काय ते ओळखा.

भांडण खरं म्हणजे गाडीच्या किमतीवरून होतं आणि गुरुवारपासून चाललं होतं. गुरुवारी थोरल्याची मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, ती गाडी घेऊन आली आणि स्कूलच्या अंगणात चार शिकाऊ गाड्यांच्या शेजारी उभी करून मोकळी झाली. दिसायला बाजारात जायची छोटी गाडी. पण शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी कंपनीनं खास बांधलेली, आणि किंमत अशी, की तेवढ्यात स्कूलच्या तीन गाड्या आल्या असत्या. सहा वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत वाकून तिनं लोकांच्या कवळ्या घडवल्या, त्या सगळ्या मेहनतीची ती गाडी होती. सात दिवसांत परत देता येते, अशी शोरूमची अट होती, म्हणून तर एवढी ताणाताणी.

"मागची सीट कुठे आहे?" थोरल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नसते, बाबा. वजन कमी करायला काढतात."

"सीटच्या जागी लोखंडी दांडा! खाली पायपुसणंसुद्धा नाही, नुसता पत्रा! काचा पातळ, गाणी नाहीत, खड्ड्यात गेली की मणका वेगळा विकत घ्यायचा. अगं, कमी वस्तूंचे जास्त पैसे घेणारा दुकानदार मी आज पाहिला. उद्या चाकं काढून देतील, तू दुप्पट देशील!"

"बाबा, वजन कमी झालं की गाडी—"

"वजन कमी करायचं तर आमचे डॉक्टर फुकट सांगतात, जेवण कमी करा म्हणून."

आत्या, म्हणजे थोरल्याची धाकटी बहीण, भाचीच्या बाजूनं उभी राहिली. "तिच्या कमाईचे आहेत, दादा. तू महिन्यातून एक रविवार मासे पकडायला जातोस आणि रिकाम्या हातानं येतोस, त्याचा हिशेब आम्ही मागतो का?" सूनबाई स्कूलचं ऑफिस सांभाळत, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय होती; पण मुलीला लाल हेल्मेट घालून भिंतीच्या अंगाअंगानं गाडी पळवताना त्या सारखं मनात बघत. शेवटी ठरलं की आबांना विचारायचं. या घरात कुठलीही गाडी आबांनी 'पास' म्हटल्याशिवाय राहिली नव्हती. भिंगरी चालवेल, आबा शेजारी बसतील, निकाल देतील.

आबा शेजारी बसायला तयारच होणार नाहीत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोयीची गोष्ट असली की शहाणी माणसंसुद्धा पुढचा विचार करत नाहीत.

"आबा, चालवायची गरजच काय?" थोरला सावरून म्हणाला. "मी परवापासून विचार करतोय, गाडी तशी चांगली आहे."

"चांगली?" आबा बघतच राहिले.

"म्हणजे, ब्रेक मोठे आहेत. टायर रुंद आहेत. पैसे कुठे गेले ते दिसतं. मी तर म्हणतो पास! ठेवू दे तिला."

"नको, नको," आत्या घाईनं म्हणाली. "मला आता वाटतंय, फार महाग आहे. आजच्या आज परत करून टाकू."

आबांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "काल रात्रीपर्यंत तुम्ही दोघं उलटं बोलत होतात."

"माणसाचं मत बदलतं, आबा."

"दोघांचं? एका चहात?" आबा उठले. "तुमच्या बोलण्याचा काही भरवसा नाही. मी बूट घालतो. तासाभरात निघू."

ते आत गेले, आणि चौघं स्वयंपाकघरात घुसले. सूनबाईंनी नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"सांगून टाका आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मीच का?"

"वडील कुणाचे?"

"डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ना?"

"हो, आणि काय सांगितलं? 'तुम्हीच सांगा, माझं ऐकायचे नाहीत.' तुम्हीच म्हणजे तुम्ही!"

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न या घरात दोन वर्षं असाच नळाखाली चालला होता. आजी गेल्यानंतर सहा महिन्यांनी एकदा आबा जिना चढून वर आले, तेव्हा त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती खालच्या पायरीवर राहिली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. साखरेनं पायाच्या नसा बोथट झाल्या होत्या, उजव्या जास्त. डॉक्टरांनी आबांना बूट सांभाळून घाला म्हणून सांगितलं. गाडी सोडा, हे सांगायचं काम मुलावर टाकलं. मुलगा आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला. बायको गेलेल्या माणसाच्या हातातून स्टिअरिंग कसं काढून घ्यायचं, हे त्याला खरोखर कळत नव्हतं.

मग तो चौक आला. एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. आबा चालवत होते, आत्या शेजारी होती. गाडी स्कूलची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली. दोन्ही पेडलं आतून एका दांडीनं जोडलेली, एक दाबलं की दुसरं आपोआप खाली जातं. आत्यानं जीव खाऊन तिचं पेडल दाबलं. गाडी बाबागाडीपासून हातभर अंतरावर थांबली. आणि आबा घाम पुसत म्हणाले, "बघितलंस? कसा वेळेवर दाबला!"

आत्याला तेव्हा 'आबा, मी दाबला' असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हो, आबा."

तिथून सगळं सुरू झालं. शिकाऊ मुलांबरोबर आबांना पाठवणं बंद, "तुम्ही वर्गात नियम शिकवा, तुमच्यासारखं आम्हाला जमत नाही." आणि ते स्वतः गाडी काढतील तेव्हा शेजारी कुणीतरी बसायचंच. चौघांनी वार वाटून घेतले. दोन वर्षांत आबांनी एकही ब्रेक स्वतः लावला होता की नाही, देवालाच ठाऊक.

"हिच्या गाडीत शेजारी ब्रेक नाही," आत्या म्हणाली.

"मला माहितेय गं, आत्या," भिंगरी म्हणाली. "गाडी माझी आहे."

"ट्रॅकवाले ऐंशीच्या माणसाला आत सोडतीलच कशाला?" थोरला म्हणाला. "सोनारानंच कान टोचलेले बरे. तिथला माणूस नाही म्हणेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही."

नळ बंद झाला. ही आशा सगळ्यांना फार आवडली.

भिंगरी तिची गाडी घेऊन पुढे गेली. बाकीचे स्कूलच्या गाडीतून निघाले. आबा चालवायला, आत्या शेजारी, कारण रविवार तिचा. मागे बसलेला थोरला सबंध रस्ताभर बहिणीच्या पायाकडे बघत होता. सिग्नल लाल झाला. आबांनी पाय उचलला आणि ठेवला. कुठे ठेवला, ते मागून दिसत नव्हतं. आत्याचा अंगठा किंचित दबला, गाडी लोण्यासारखी थांबली. आत्या त्याच वेळी खिडकीबाहेर बघून कुठल्याशा नव्या दुकानाबद्दल बोलत होती. एवढं सफाईदार खोटं आपल्या बहिणीला कधीपासून जमायला लागलं, असं थोरल्याला वाटलं. मग आठवलं की सोमवार आणि गुरुवार आपले असतात आणि आपणही तेव्हा क्रिकेटबद्दल बोलतो.

ट्रॅकच्या फाटकाशी एक पोट सुटलेला व्यवस्थापक वही घेऊन उभा होता. त्यानं गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि वही टेबलावर टाकून धावतच आला.

"मास्तर! ओळखलंत का? तीनदा नापास केलं होतंत मला!"

"उतारावर गिअर काढायचास तू," आबा म्हणाले.

"आता नाही काढत!" तो थोरल्याकडे वळला. "यांच्यामुळे जिवंत आहे मी, साहेब."

"यांचं वय..." थोरल्यानं क्षीण आवाजात सुरुवात केली. "तुमचे काही नियम असतील ना?"

"मास्तरांना नियम मी सांगू? माझंच हेल्मेट देतो त्यांना, नवं आहे."

झालं. सोनारानं कान टोचायच्या ऐवजी कुंडलं घातली. सूनबाईंनी मुलीचा दंड धरला आणि तिला टायरच्या ढिगामागे ओढलं.

"तू बसू नकोस त्यांच्या शेजारी."

"मग ते एकटे जातील."

"मग आत्ता सांग त्यांना! तुझं ऐकतात ते."

"इथे? त्या माणसासमोर? आई, त्यांचा चेहरा बघ."

सूनबाईंनी पाहिलं. आबा हेल्मेटचा पट्टा बांधत होते, आणि आजी गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. इथंही जीभ रेटली नाही. "हँडब्रेकवर हात ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. आपण एका म्हाताऱ्याचं मन राखण्यासाठी स्वतःची मुलगी पणाला लावतोय, हे त्यांना नीट कळत होतं, आणि तरी त्यांनी तो दंड सोडला.

गाडीत भिंगरीनं पट्टे आवळले आणि सवयीनं उजवा पाय पुढे केला. पायाखाली पत्रा लागला. थंड, सपाट, कोरा पत्रा. हँडब्रेक होता, पण तो फक्त मागच्या चाकांना लागतो. वळणात जोरात ओढला तर गाडी भोवऱ्यासारखी फिरणार.

पहिला फेरा आबांनी सावकाश घेतला. आणि खोटं कशाला बोला, सुंदर घेतला. वळण येण्याआधीच त्यांचे हात वळणाच्या तयारीत असत. वेग इतका कमी होता की गिअर उतरवूनच काम भागत होतं, ब्रेकशी गाठ पडत नव्हती.

"अगं, ही तर सगळं सांगते!" ते इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडले. "चाकाखाली खडा आला तरी हाताला कळतं. आपल्या स्कूलच्या गाड्या म्हणजे गादीवर बसून जग बघणं. तुझ्या बापाला म्हणावं, काढून टाकलेल्या वस्तूंचे पैसे नाहीत हे."

"हो, आबा. आता आत घ्या."

"एवढ्यात? वेग वाढल्याशिवाय काय कळणार?"

"मला मळमळतंय."

"खोटं बोलतेस. लहानपणी पण नाक असंच उडायचं तुझं." ते हसले, आणि सरळ रस्ता लागताच त्यांनी पाय दाबला.

गाडी अशी सुटली की भिंगरीचं डोकं मागे आदळलं. तीन वेळा ती स्वतः इथे यापेक्षा जोरात गेली होती आणि तिला मजा वाटली होती. आता तिला फक्त कडेचे फलक दिसत होते. तीनशे मीटर. पुढे वळण, वळणापलीकडे खडीचा पट्टा, त्यापलीकडे भिंत. दोनशे.

"आबा, ब्रेक."

"हो." त्यांनी पाय उचलला, ठेवला.

गाडी थांबेना.

"आबा, ब्रेक!"

"दाबलाय गं!"

दाबला नव्हता. तिला दिसत होतं. बूट पेडलच्या बाजूला, पत्र्यावर टेकला होता, आणि आबा निवांत वाट बघत होते, रोज जसं पेडल आपसूक खाली जातं तसं ते जाईल म्हणून. शंभरचा फलक गेला. भिंगरीनं हँडब्रेक एक खटका ओढला, मग दुसरा. मागची चाकं किंचाळली, गाडीची शेपूट सरकली. त्या एका क्षणात आबांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांच्या हातांनी आणि डाव्या पायानं उजव्या पायाचा नाद सोडून दिला. गिअर खाली, आणखी खाली, इंजिन कळवळून ओरडलं. हातांनी सरकणारी गाडी पकडली, सरळ केली आणि वळण घ्यायचा प्रयत्नही न करता नाकासमोर खडीत घातली. दगड पत्र्याखाली गोळ्यांसारखे वाजले. भिंत मोठी होत आली, आणखी मोठी झाली, आणि भिंतीवरच्या रंगाचे पोपडे मोजता येतील एवढ्यावर गाडी रुतून बंद पडली.

धूळ खाली बसायला वेळ लागला.

"लागलं का तुला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही." आबांनी खाली वाकून स्वतःचा बूट पाहिला. कुणा परक्याचा असावा तसा पाहिला. हातानं मांडी उचलून तो पेडलवर ठेवला आणि पेडल दाबून पाहिलं. चांगलं घट्ट होतं.

"रोज तर थांबते," ते पुटपुटले. "काल थांबली. आत्ता येताना थांबली."

मग त्यांची नजर शेजारी गेली. भिंगरीचा उजवा पाय अजून तसाच ताणलेला होता, टाच उचललेली, चवडा पत्र्यावर गच्च दाबलेला, जिथे पेडल नव्हतं तिथे. तिच्या ते लक्षातही नव्हतं. आबांनी पन्नास वर्षं शिकवणाऱ्यांना हाच पाय शिकवला होता. त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही.

तिनं पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता.

खडीतून धावत तिघं आले. सूनबाईंनी दार उघडून मुलीला जवळजवळ ओढूनच काढलं आणि तिच्या पाठीवरून, हातांवरून, चेहऱ्यावरून हात फिरवत राहिल्या. थोरला वडिलांच्या बाजूला गेला. आबांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. ते उतरले नाहीत.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

आत्यानं मागून सांगितलं, "दोन वर्षं, आबा."

"तो चौक? बाबागाडीवाली बाई?"

"मी दाबला होता."

आबांनी मान हलवली. "आणि डॉक्टर?"

"मला म्हणाले होते," थोरला म्हणाला, "तुम्हाला सांगायला. माझी जीभच उचलली नाही, आबा. मी भ्यालो. मारा मला हवं तर."

"दोन वर्षं मी लोकांच्या पोरांमधून गाडी घालत होतो." आबांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमच्यातल्या एकाचा पाय एकदा चुकला असता तर? एकदा कुणाला शिंक आली असती तर? मास्तर म्हणवतो मी स्वतःला." सगळं होऊन गेल्यावर आता त्यांना भीती वाटत होती, आणि ती पुढची नव्हती, मागच्या दोन वर्षांची होती.

"ही गाडी परत द्यायची नाही," ते भिंगरीला म्हणाले. "तुझ्या बापाला काय बोलायचं ते बोलू दे. सगळ्या घरात हिनंच मला खरं सांगितलं."

"आबा, उठा, घरी जाऊ," आत्या म्हणाली.

ते उठले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सोमवार-गुरुवार हा," ते थोरल्याकडे बघून म्हणाले. "क्रिकेटचं बोलत. मंगळवार-रविवार तू. बुधवारी सूनबाई, वाचनालयात पुस्तक बदलायला. मी म्हणायचो, यांना वाचायची गोडी कधीपासून लागली? शुक्रवार-शनिवार भिंगरी. तिच्या लॅबमधल्या गमती सांगायची, आम्ही नदीपर्यंत जाऊन यायचो." त्यांनी मान वर केली. "तुमची आई गेल्यावर मला वाटलं, हे सगळे एवढे येऊन बसतात शेजारी, वार चुकवत नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला आवडतं माझ्याबरोबर यायला."

आवडायचं, हे खरं होतं. चौघांनाही आवडायचं, आणि भिंगरीनं तर एकदा तापात असतानाही शुक्रवार कुणाला दिला नव्हता. पण ते आता त्यांच्यापैकी कुणीही सांगितलं असतं, तरी आबांनी त्यावर विश्वास ठेवला नसता.